जखमसंसर्ग, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा

लहान वा मोठ्या आतड्यावरील शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत पोटावरच्या छेदात जंतूंमुळे होणारा बिघाड. बोलीत ‘टाके पिकणे’, ‘जखम चिघळणे’. साधारण चौथ्या-सहाव्या दिवशी टाक्यांभोवतीची कातडी तांबूस, ताठ आणि गरम लागते. पट्टीच्या गॉजवर गढूळ पाण्याचा डाग दिसतो. एखादा टाका काढला की खालून दुर्गंधी पू येतो. ३० दिवसांची मर्यादा १९९२ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या व्याख्येतून रूढ झाली. तिने संसर्गाचे कातडी-चरबीतला, स्नायूंच्या थरातला आणि पोटाच्या पोकळीतला असे तीन प्रकार केले. आतड्याचा जोड सुटून पोकळीत पू साचणे हे दुखणे निराळे. येथे पहिल्या दोन प्रकारांपुरता विचार केला आहे.

प्राचीन उल्लेख : फाटलेले आतडे मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडावे आणि मुंग्यांची डोकी तशीच ठेवून धड तोडावे, असा विधी सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. ती इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासून सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत थराथरांनी रचली गेली असावी, असे सामान्यतः मानतात. जखमी रुग्णाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाचा पाला, तूप व मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी, असेही तीत सांगितले आहे. काही आधुनिक लेखकांना यात जंतुनाशनाची जाण दिसते. मात्र संहितेने स्वतः दिलेले कारण निशाचरांपासून (राक्षस-भुतांपासून) रक्षणाचे आहे. ते बाजूला सारून पुढच्या काळातले ज्ञान मागे नेऊन ठेवणे सयुक्तिक वाटत नाही. दहा दिवसांचा हिशेब मात्र अनुभवातून आला असण्याची शक्यता आहे. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांच्या, १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बॉलिक आम्लाच्या प्रयोगांपासून धरतात.

जंतूंचा उगम : हर्नियासारख्या स्वच्छ शस्त्रक्रियेत जंतू बहुधा कातडीवरून येतात, आतड्यात ते घरचेच असतात. मोठ्या आतड्यातील मळात ग्रॅमामागे सुमारे दहा हजार कोटी जंतू असतात, लहान आतड्याच्या वरच्या भागात त्यामानाने फारच थोडे. म्हणून आतडे जितके खालचे, तितकी जोखीम अधिक, गुदाशयाची सर्वाधिक. ई. कोलाय, क्लेबसिएला, एंटेरोकॉकस व बॅक्टेरॉइडिस हे नेहमीचे मानकरी. १९६४ पासून जखमांचे स्वच्छ, स्वच्छ-दूषित, दूषित आणि घाण असे चार वर्ग करतात. ठरवून केलेली आतड्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या वर्गात येते, मळ सांडला की तिसऱ्या आणि आतडे आधीच फुटून पोटात पू झाला असेल तर चौथ्या. संसर्गाची जोखीम मापणाऱ्या १९९१ च्या अमेरिकी निर्देशांकात तीनच गोष्टी मोजतात : जखमेचा वर्ग, भूलतज्ज्ञाने लावलेली प्रकृतीची श्रेणी आणि लागलेला वेळ. मोठ्या आतड्यासाठी वेळेची रेषा तीन तासांची आहे.

आतडे आधी साफ करावे की नाही : या विषयातला हा सर्वांत लांबलेला वाद. जुलाब व एनिमा देऊन कोठा रिकामा केला की मळ सांडत नाही, ही समजूत अनेक दशके प्रमाण होती. १९७३ मध्ये निकोल्स व कॉन्डन या शल्यचिकित्सकांनी जुलाबाला निओमायसिन-एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांच्या गोळ्यांची जोड दिली. पुढच्या चाचण्यांत नुसत्या जुलाबाचा उपयोग दिसेना, शिवाय पातळ झालेला मळ सांडायला अधिक सोपा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जुलाब आणि तोंडावाटे प्रतिजैविके एकत्र द्यावीत, नुसता जुलाब देऊ नये, अशी शिफारस केली. २०१९ च्या फिनलंडमधील चाचणीत मात्र या दोहोंच्या जोडीनेही संसर्ग कमी झाला नाही. तरीही पारडे सध्या गोळ्यांच्या बाजूने झुकलेले आहे. नुसता एनिमा देऊन समाधान मानण्याला आधार नाही.

इतर घटक : छेदापूर्वी शिरेवाटे द्यायचे प्रतिजैविक छेदाआधीच्या दोन तासांत द्यावे, ही वेळ चुकली तर नंतरच्या दिवसांत लांबवलेले डोस ती चूक भरून काढत नाहीत. शरीराचे तापमान हा दुसरा घोळाचा मुद्दा. १९९६ मध्ये २०० रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेत थंड पडलेल्यांना १९ टक्के, उबदार ठेवलेल्यांना ६ टक्के संसर्ग आढळला. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या २०२२ मधील चाचणीत ३५.५ व ३७ अंश यांत फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात, कारण पहिल्या चाचणीतले थंड रुग्ण ३४.७ अंशांपर्यंत उतरले होते. ब्लेडने केस काढल्याने कातडीवर बारीक चिरा पडून जंतूंना जागा मिळते. त्यामुळे केस अडत असतील तरच क्लिपरने कापावेत. पोट शिवण्यापूर्वी हातमोजे व उपकरणे बदलल्यास संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर येतो, असे भारतासह सात देशांतील चाचणीत २०२२ मध्ये दिसले. खर्चाच्या मानाने हा लाभ मोठा आहे.

रुग्णाकडचे घटक म्हणजे वाढलेली साखर, जाड चरबी, पंडुरोग, स्टिरॉइड, रक्तातील कमी अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि तंबाखू. तंबाखूविषयीचा पुरावा मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांवरील अभ्यासांतून आलेला आहे, पण निकोटिन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसवते हे खरे.

सातारा-सांगली परिसर : मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येथे येतात. सातारा जिल्ह्यात कराड हे असे दुसरे केंद्र. विषमज्वर किंवा क्षयाने फुटलेले आतडे घेऊन जत-आटपाडीकडचा रुग्ण गावच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावून मग पोचतो, तेव्हा जखमेचा वर्ग ठरूनच गेलेला असतो. अशा वेळी आतले थर शिवून कातडी काही दिवस उघडी ठेवण्याचा जुना मार्ग आजही वापरतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला वयस्क बाई ‘नाही’ म्हणते, पण उशाशी मिश्रीची डबी असते. मिश्री लावणे तिच्या लेखी तंबाखू खाणे नव्हे. म्हणून केसपेपरवर मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. भाताने पू होतो ही समजूतही पक्की आहे. पथ्याच्या नावाखाली त्याबरोबर डाळ आणि अंडीही ताटातून जातात, आणि जखम भरायच्या वेळीच प्रथिनांची तूट वाढते.

प्रमाण : ६६ देशांतील पोटाच्या शस्त्रक्रियांच्या पाहणीत (२०१८) संसर्गाचे प्रमाण उच्च मानवविकास असलेल्या देशांत ९.४, मध्यम गटात १४ आणि निम्न गटात २३.२ टक्के आढळले. कोणत्याही एका रुग्णालयाचा आकडा वाचताना ३० दिवसांची अट पाहावी. टाके काढून घरी गेलेल्या रुग्णाची जखम तिसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या दवाखान्यात उघडली, तर ती शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाच्या रजिस्टरात सहसा चढत नाही.