आधी कागद, मग पाना-पक्कड: जुन्या स्पोर्ट्स कारची ‘विंटेज’ नोंदणी

मामांच्या वाड्यात, गोठ्यालगतच्या पडवीत, १९५१ची ब्रिटिश एमजी टीडी सत्तावीस वर्षे उभी होती. दोन माणसांपुरती, कापडी टपाची, लांब नाकाची गाडी. टायर फरशीला चिकटलेले, सीटच्या काथ्यात उंदरांची घरं. मामा गेल्यावर मामी म्हणाल्या, “तुला वेड आहे, तूच ने.” मी नेली आणि पहिल्याच आठवड्यात चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, उघडी करून गंज काढायला दिली. कारागिराने ग्राइंडर फिरवला तो थेट चेसिस नंबरवरून. आकडे पुसट झाले आणि पुढचे कित्येक महिने हीच गाडी कागदावरची गाडी आहे हे सिद्ध करण्यात गेले. म्हणून हा लेख. जुनी गाडी घरी उभी करायची असेल तर पहिलं काम आरटीओचं आहे, गॅरेजचं नाही.

विंटेज म्हणजे नेमकं काय

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए ते ८१जी हे नियम घातले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी प्रवासी गाडी ‘विंटेज’ ठरते. परदेशातून आणलेल्या गाड्याही यात येतात. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली यापेक्षा पहिली नोंदणी कधी झाली ते महत्त्वाचं. वर्ष ऐकीव माहितीवर धरू नका, आरसी बुकावरून मोजा.

दुसरी अट घरी काम करणाऱ्यांनी पाठच करावी. गाडी मूळ रूपात जपलेली असली पाहिजे आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसला पाहिजे. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनातला बदल हा मोठा फेरफार धरला जातो. आपल्याकडे सुटे भाग मिळेनासे झाले की जुन्या गाडीत अ‍ॅम्बेसेडरचं किंवा एखादं डिझेल इंजिन बसवून ती चालती ठेवायची पद्धत होती. त्या काळी ती गरज होती, पण आज अशी गाडी या नियमात अडते. गाडी विकत घेणार असाल तर बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी जुळतो का ते आधी पाहा, रंग आणि क्रोम नंतर.

टीडीच्या इंजिनाचा नंबर ‘एक्सपीएजी’ या अक्षरांनी सुरू होतो आणि चेसिसचा ‘टीडी’ने. इंजिन १२५० सीसीचं आहे. त्याचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. हे माहीत नसलेला फिटर चुकीचा बोल्ट ठोकून आटे मारतो. पुढे इंजिनाचा ब्लॉकच बदलायची वेळ येते, आणि ब्लॉक बदलला की मूळ नंबर गेला. एका बोल्टपासून सुरू झालेली चूक अशी नोंदणीपर्यंत पोचते.

चाकं लावणं, ब्रेक दुरुस्त करणं, वायरिंग नवं करणं, इंजिनाचं बोअरिंग, कुजलेल्या जागी तसाच पत्रा जोडणं ही कामं मी दुरुस्ती मानतो. टीडीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. तो वाळवीने खाल्ला असेल तर त्याच मापाचे तुकडे करून बसवावे लागतात. माझ्या समजुतीप्रमाणे हे मूळ रूप जपणंच आहे. तरीही प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा आणि काढलेले जुने तुकडे लगेच टाकू नका. तपासणारा अधिकारी तुमचं मत विचारत नाही, पुरावा मागतो.

कागद कुठून जमवायचे

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. ‘बीएम’ने सुरू होणारा मुंबईचा जुना नंबर असो की गोव्याचा ‘जीडी’चा, अशा गाडीची नोंद बहुधा कार्यालयाच्या जाड रजिस्टरात असते, संगणकात नसते. ती सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढवून घेण्याला ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. ज्या आरटीओत मूळ नोंदणी झाली तिथेच अर्ज करावा लागतो. सोबत मूळ आरसी, जुन्या कर पावत्या, जुनी विमा पॉलिसी, जे सापडेल ते न्या. मामींच्या ट्रंकेत जपलेली पिवळी पडलेली कर पावती आम्हाला सगळ्यात जास्त कामाला आली.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मागता येते, पण त्यासाठी कार्यालयात मूळ नोंद असायला हवी. आरसी नाही आणि रजिस्टरातही नोंद नाही, अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. नुसती नंबर प्लेट हा मालकीचा पुरावा नाही. अनोळखी माणसाकडून घेताना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडी चोरीची नाही ना, हेही तपासा.

मालक हयात असेल तर नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१ने. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. कायद्याने हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. आमच्याकडे ती मुदत केव्हाच उलटली होती. आधी मामींच्या नावावर, मग माझ्या, असे दोन टप्पे झाले. मामेभावांच्या सह्या वेळेवर मिळाल्या म्हणून निभावलं. घरात एकमत असतानाच हे उरकून घ्या. आरसीवर जुन्या बँकेचा बोजा दिसत असेल तर तो फॉर्म ३५ने उतरवा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं फॉर्म २८वरचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल.

गाडी हलवण्याआधी एक साधं काम करा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घ्या, दोन-तीन प्रती. रंगाऱ्याला गाडी देताना त्या जागेवर पट्टी चिकटवा आणि त्याला सांगा, इथे ग्राइंडर नाही, लांबी (पुट्टी) भरणंही नाही. मी हे केलं असतं तर माझे ते महिने वाचले असते.

अर्ज आणि शुल्क

अर्ज परिवहन पोर्टलवर करायचा, फॉर्म २०मध्ये. सोबत चालू विमा आणि शुल्क. गाडी भारतात आधीच नोंदलेली असेल तर जुनी आरसी, नव्याने आयात केलेली असेल तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री. नव्या विंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. सगळं नीट असेल तर ६० दिवसांत फॉर्म २३एमध्ये प्रमाणपत्र द्यायचं असतं.

नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पण आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. तो ठेवाच. त्या तीन इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत गाडीचं गाव आणि काळ असतो.

विंटेज घ्यावं की साधी नोंदणीच चालू ठेवावी

विंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल आणि या ठिकाणी जाणं-येणं एवढ्यासाठीच परवानगी आहे. रविवारी सकाळी लोणावळ्याला नाश्त्याला जायचं असेल तर ते यात बसत नाही.

तसं फिरायचं असेल तर फॉर्म २५ भरून साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा. ते पाच-पाच वर्षांनी होतं, फिटनेस तपासणी होते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते, असा समज आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात तसा नियम नाही. मात्र २० वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झालं आहे आणि आयात गाडीला ८०,००० रुपये. मुदत उलटल्यावर दर महिन्याला ५०० रुपये जादा आकार आहे. गाडी वर्षानुवर्षं पडून असेल तर हा आकडा मोठा होतो, म्हणून आपल्या गाडीला एकूण किती बसेल ते कार्यालयात लेखी विचारा, एजंटाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. भारतात बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डसारख्या गाडीला साधी नोंदणी परवडू शकते. एमजीसारख्या आयात गाडीला माझा कौल विंटेजकडेच.

मुंबईतल्या विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या क्लबात जाऊन बसा. क्लबाचं सदस्यत्व ही अट नाही, पण तिथल्या माणसांनी हा रस्ता आधी तुडवलेला असतो. टीडीचा मूळ रंग कोणता, डॅशबोर्डवरचं कोणतं घड्याळ खरं, हे ते एका नजरेत सांगतात.

आणि पुढे कधी गाडी विकलीत, तर विकणारा आणि घेणारा दोघांनीही ९० दिवसांच्या आत आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला कळवायचं असतं. फोटोंची वही, पेन्सिल प्रिंट आणि काढून ठेवलेले जुने तुकडे गाडीबरोबरच नव्या मालकाला द्या. त्यालाही ते लागणार आहेत.