ताणलेल्या तारेवरील तरंगांची ऊर्जा

ताणून बांधलेल्या तारेचे किंवा दोरीचे टोक आडवे हलवले, की तिच्यावरून अवतरंग (कण ज्यात तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात असा तरंग) धावतो. तारेचा प्रत्येक कण आपल्या जागीच वरखाली होतो. पुढे सरकतो तो आकार आणि त्याच्याबरोबर ऊर्जा. तिचे वहन ताणामुळे होते. तिरका झालेला प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला वर किंवा खाली ओढतो, म्हणजे त्याच्यावर कार्य करतो.

ही ऊर्जा दोन रूपांत असते. कणांच्या हालचालीमुळे गतिज ऊर्जा आणि तार किंचित लांबल्यामुळे स्थितिज ऊर्जा. लांबणे अगदी थोडे असते. १ सेंमी. लांबीच्या तुकड्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १ मिमी. वर गेले, तर त्याची लांबी ०.०५ मिमी. एवढीच वाढते. मात्र ताण १०० न्यूटन असेल, तर तेवढ्यासाठीही ०.००५ जूल कार्य करावे लागते.

इथे हमखास चूक होते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची सवय असल्यामुळे स्थितिज ऊर्जा तरंगाच्या शिखरावर सर्वाधिक असेल असे वाटते. प्रत्यक्षात शिखरावर तार क्षणभर थांबलेली असते आणि तिला उतारही नसतो, त्यामुळे तिथे दोन्ही ऊर्जा शून्य असतात. तार मूळ रेषा ओलांडते तिथे तिचा वेगही सर्वाधिक असतो आणि उतारही. पुढे धावणाऱ्या तरंगात या दोन ऊर्जा प्रत्येक बिंदूवर, प्रत्येक क्षणी समान असतात. एका कणाची ऊर्जा कायम राहत नाही, कारण तो एकटा नाही. मागून घेतो आणि पुढे देतो.

तरंगाचा वेग म्हणजे ताणाला रेषीय घनतेने (दर मीटरमागील वस्तुमानाने) भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ. ज्यावक्रीय (साइन वक्राच्या आकाराच्या) तरंगासाठी

सरासरी शक्ती = ½ × रेषीय घनता × वेग × (कोनीय वारंवारता)² × (आयाम)²

इथे कोनीय वारंवारता म्हणजे २π × वारंवारता आणि आयाम म्हणजे कण मूळ रेषेपासून जास्तीत जास्त जितका दूर जातो ते अंतर. मीटरला १० ग्रॅम भरणारी तार १०० न्यूटनने ताणली, तर वेग सेकंदाला १०० मीटर येतो. ५० हर्ट्‌झ वारंवारतेचा आणि १ सेंमी. आयामाचा तरंग तिच्यावरून सुमारे ४.९ वॅट शक्ती नेतो. आयाम दुप्पट केला, तर तीच जवळजवळ २० वॅट होते. तारेचा उतार लहान आहे, हे यात गृहीत धरलेले असते.

दोन सारखे तरंग समोरासमोरून आले, की अप्रगामी (पुढे न सरकता जागीच हेलकावणारा) तरंग तयार होतो. त्यात सरासरीने ऊर्जा कुठेच जात नाही. निस्पंद (कायम स्थिर राहणारे बिंदू) आणि प्रस्पंद (सर्वाधिक हलणारे बिंदू) यांच्यामध्ये हेलकावते. तार पूर्ण वाकलेली असताना सगळी ऊर्जा स्थितिज असते आणि निस्पंदांजवळ एकवटते. पाव आवर्तनानंतर तार सरळ होते. दिसायला निवांत, पण सगळी ऊर्जा गतिज रूपात प्रस्पंदांजवळ असते.

टोक पूर्ण घट्ट असेल, तर तरंग सगळी ऊर्जा घेऊन परततो. वेगळ्या जाडीच्या तारेशी सांधा असेल, तर ऊर्जा वाटली जाते: ताण तोच आणि पुढची तार चौपट जड असल्यास १/९ ऊर्जा परत येते, ८/९ पुढे जाते. तंतुवाद्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) मुद्दामच पूर्ण घट्ट नसते. दर फेरीला ती तारेतली थोडी ऊर्जा खालच्या लाकडाला देते आणि आपल्याला ऐकू येणारा आवाज मुख्यतः त्या लाकडाचा असतो.