लघवीला हिरवा रंग का आला?

१९३४ साली नॉर्वेतली एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन ओस्लोतल्या डॉ. अस्ब्यॉर्न फॉलिंग यांच्याकडे आली. दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती. त्यांच्या अंगाला एक चमत्कारिक वास यायचा, आणि या वासाचा आजाराशी संबंध असणार हे तिच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन टाकलं. लघवीत कीटोन (शरीर चरबी जाळताना बनणारे पदार्थ) असते तर जांभळट रंग आला असता. आला गडद हिरवा. मुलांना चालू असलेली औषधं थांबवून पुन्हा तपासलं, तरी हिरवाच!

बऱ्याच खटाटोपानंतर तो पदार्थ सापडला: फिनाइलपायरुव्हिक आम्ल. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी एक असलेलं फिनाइलअ‍ॅलॅनिन या मुलांच्या यकृतात पुढे बदलतच नव्हतं. ते साचून मेंदूला इजा करत होतं. या आजाराला आज फिनाइलकीटोनुरिया म्हणतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या दोन-चार थेंबांत तो ओळखता येतो आणि वेळीच आहार बदलला तर मूल इतरांसारखंच वाढतं. त्या आईची चिकाटी नसती तर हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती, असं राहून राहून वाटतं.

फॉलिंग एका पदार्थाच्या मागे होते. मेटाबोलोमिक्स ही शाखा रक्तातले, लघवीतले, लाळेतले असे शेकडो छोटे रेणू एकाच वेळी मोजते. साखर, अमिनो आम्लं, मेदाम्लं असे चयापचयात तयार होणारे किंवा वापरले जाणारे हे रेणू म्हणजे मेटाबोलाइट. जनुकं जन्मभर जवळपास तीच राहतात. मेटाबोलाइट मात्र जेवणागणिक, झोपेगणिक बदलतात. शरीरात या घडीला काय चाललंय, ते म्हणूनच त्यांच्यात दिसतं. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंना वस्तुमानानुसार वेगळं करतो. त्याच्या आलेखावरच्या कितीतरी रेणूंची ओळख मात्र अजून पटलेली नाही.

ही चंचलता डोकेदुखीही ठरते. रक्त नळीत काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. नमुना तसाच ठेवला तर साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणून साखरेच्या तपासणीच्या नळीत पेशींचं हे साखर खाणं रोखणारं फ्लोराइड असतं. मेटाबोलोमिक्ससाठी रक्त लगेच थंड करून, पेशी वेगळ्या काढून, उरलेला द्रव उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवतात.

अशाच गोठवलेल्या नमुन्यांतून अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांच्या तब्येतीवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या अभ्यासाने २०११ साली एक मोलाची गोष्ट दाखवली. पुढे ज्यांना मधुमेह झाला, त्यांच्या रक्तात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फिनाइलअ‍ॅलॅनिन ही पाच अमिनो आम्लं आधीपासूनच चढलेली होती, तीही निदानाच्या १२ वर्षं आधीपर्यंत! तेव्हा त्यांची साखर मधुमेहाच्या पातळीला पोचलेली नव्हती.

पण ही आम्लं मधुमेह घडवतात, की इन्सुलिनचा परिणाम आधीच मंदावल्यामुळे साचतात? फिनाइलकीटोनुरियात कारण सरळ होतं, एक विकर (एन्झाइम) बिघडलेलं. इथे गुंता मोठा आहे. दोन्ही दिशांनी पुरावे मिळतात. त्यामुळे असा एखादा आकडा वाढलेला दिसला म्हणून कुणी आपल्या मनानेच आहारातली प्रथिनं बंद करू नयेत.