हाड जास्त उकळलं म्हणून रंग खोल जात नाही

हस्तकलेसाठी हाड रंगवताना ‘हाड चहाच्या पाण्यात तासन्‌तास उकळा, रंग आतपर्यंत मुरतो’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. प्रत्यक्षात उकळण्याने हाडातल्या कोलॅजनचं (हाडाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचं) जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरतं आणि हाड खडूसारखं ठिसूळ होतं. रंग अडतो तो चरबीमुळे. कोरड्या हाडावर पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा उभा राहिला तर चरबी शिल्लक आहे. मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात काही दिवस ठेवा, पाणी रोज बदला. नंतर कोमट कडक चहात रात्रभर. लाल रंगासाठी आगळ (कोकमाचा आंबट रस) मात्र नकोच, आंबटाने हाडातलं कॅल्शियम विरघळतं.

खात्री करायची तर एकाच म्हशीच्या हाडाचे दोन तुकडे घ्या: एक 3 तास चहात उकळा, दुसरा वर सांगितल्याप्रमाणे भिजवा. सावलीत वाळवून (गोव्याच्या पावसाळ्यात वेळ लागतो) करवतीने कापा आणि रंग किती आत गेला ते पाहा; कडेला खिळ्याने ओरखडून कोणता तुकडा ठिसूळ झाला तेही पाहा.