ड्रॉइंग आलं म्हणजे इंजिन आलं असं नसतं

जून 2023 मध्ये अमेरिकेच्या जीई आणि आपल्या एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) लढाऊ विमानांच्या एफ-414 जेट इंजिनासाठी सामंजस्य करार झाला तेव्हापासून टेक्नॉलॉजी ट्रान्सफर सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि बऱ्याच जणांना वाटतं की तिकडून ड्रॉइंग आली, मशीन बसवली की झालं. नाही हो, तसं होत नाही.

टायटॅनियमचंच घ्या. पुण्याजवळ भोसरी-चाकणला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) ॲल्युमिनियमचे जॉब, म्हणजे सुटे भाग, सुंदर काढणारे एकापेक्षा एक ऑपरेटर आहेत. पण विमानात लागणाऱ्या टायटॅनियमच्या मिश्रधातूतून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने जवळपास 20 पट कमी वाहते, त्यामुळे कापताना तयार झालेली उष्णता ना चिपबरोबर (कापून निघणाऱ्या धातूच्या तुकड्याबरोबर) जाते ना जॉबमध्ये पसरते, ती इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, धारेवरच साचते आणि धार जाते. मग स्पीड (कापण्याचा वेग) कमी करायचा, हे बरोबर. पण घाबरून फीडही (पातं पुढे सरकण्याचा वेग) फार कमी केला की इन्सर्ट कापायच्या ऐवजी घासायला लागतो, उष्णता अजून वाढते आणि सरफेस खराब होतो. स्पीड-फीडचे आकडे हँडबुकात मिळतात. पण थंड करणाऱ्या कूलंटची धार नेमकी कुठे मारायची, पातळ भिंतीचा जॉब कसा पकडायचा, चॅटर (कापताना होणारी थरथर) सुरू होण्याआधी आवाज कसा बदलतो हे जाणत्या माणसाशेजारी मशीनवर उभं राहूनच कळतं.

एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी एरोस्पेसमधल्या इंजिनिअरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की इंजिनिअर जर्नलपेक्षा सहकाऱ्याला विचारून जास्त शिकतात, आणि टेबलांमधलं अंतर 50 मीटरच्या पुढे गेलं की बोलणं जवळपास थांबतंच. प्रत्येक ग्रुपमध्ये एखाददुसराच असतो जो बाहेरचं वाचतो, बाहेरच्यांशी बोलतो आणि बाकीच्यांना समजेल असं सांगतो. ॲलन त्याला गेटकीपर म्हणतात. माझ्या मते कंपनीने सगळ्यात जास्त जपावा तो हाच माणूस.

कसब असं माणसाकडून माणसाकडे जातं, म्हणूनच प्राचीन भारतात विमानं होती असं सांगणारे फॉरवर्ड मला पटत नाहीत. त्यासाठी दाखवल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमानं उडू शकत नाहीत हे बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी 1974 मध्येच दाखवलं, आणि विमानं खरंच असती तर ती बनवणाऱ्या कारागिरांची पिढ्यांची साखळीही कुठेतरी दिसली असती.

ती साखळी खरी कशी बनते ते इस्रोच्या विकास या रॉकेट इंजिनात दिसतं. 1970 च्या दशकात इस्रोचे इंजिनिअर फ्रान्समध्ये व्हेर्नोंला जाऊन तिथल्या वायकिंग रॉकेट इंजिनाच्या कामात तिथल्या लोकांबरोबर राबले, तिथे शिकलेलं घेऊन परतले आणि इथल्या कारखान्यांकडून तेच इंजिन 'विकास' या नावाने घडवून घेतलं. चांद्रयान-3 नेणाऱ्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या मधल्या टप्प्यात तशी दोन विकास इंजिनं होती.