किरण अडले कुठे?

कोल्हापुरात किरणोत्सवाच्या संध्याकाळी महाद्वार रोडवर एकच विषय असतो: आज किरण कुठवर पोचले? तारखा ठरलेल्या, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर. कधी ते कमरेपाशीच विरतात. तेव्हा सूर्याला कुणी दोष देत नाही. वाटेतली बांधकामं, ढग, हवेतलं बाष्प यांचीच झडती होते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत 2013 साली असाच पेच पडला होता. दोन प्रोटॉनांच्या टकरीतून अमुक कण जन्मण्याची शक्यता भौतिकशास्त्रज्ञ क्षेत्रफळाच्या मापात सांगतात. त्याला काटछेद म्हणतात. एकक पिकोबार्न. डब्ल्यू कण म्हणजे किरणोत्सारी क्षयामागच्या दुर्बल बलाचे वाहक. त्यांच्या जोडीचा काटछेद, 8 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला, गणिताने सुमारे 57 येत होता. सर्नमधल्या सीएमएस प्रयोगाने मोजला तो जवळपास 70. अ‍ॅटलास या तिथल्याच दुसऱ्या प्रयोगालाही जास्तच मिळाला. लगेच काही सिद्धांतकारांनी नव्या, अतिसममित कणांचे (माहीत असलेल्या कणांच्या अजून न सापडलेल्या जोडीदारांचे) अंदाज बांधले. हौसेला मोल नसतं!

खरी गोम मोजणीच्या पद्धतीत होती. टॉप क्वार्क या जड मूलकणाच्या जोडीतूनही डब्ल्यूची जोडी निघते, पण सोबत कणांचे झोत येतात. ही भेसळ टाळायला झोत असलेल्या टकरी सरसकट बाजूला काढल्या जात. त्यात अस्सल जोड्याही जात. किती गेल्या, हे मोजून कळत नाही. ते सिद्धांतावरूनच ठरवावं लागतं. म्हणजे ‘मोजलेल्या’ आकड्याच्या पोटातही सिद्धांत बसलेला असतो. हे बातम्यांत कुणी सांगत नाही.

दोन्ही बाजूंनी दुरुस्ती झाली. 2014 साली गणितात पुढच्या पायरीच्या क्वांटम दुरुस्त्या धरल्या आणि अपेक्षित आकडा वाढला. इकडे सीएमएसने एक झोत असलेल्या टकरीही मोजणीत घेतल्या, आणि झोतांचा अंदाज सुधारला. संपूर्ण माहितीवरून आलेला आकडा 60.1, कमी-जास्त 4.8. सुधारित गणित म्हणतं 59.8.

त्या 4.8 मधला बराच मोठा वाटा यंत्रांचा नाही, सिद्धांताच्याच अनिश्चिततेचा आहे.