हाक ज्वारीची, ऐकतो टारफुला

वेळा अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडची गावं दिवसभर ओस पडतात. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, माठातली आंबील. जेवणं उरकली की मोठी माणसं सावलीला आडवी होतात आणि पोरं हरभऱ्यात शिरतात, ढाळे उपटायला. मागच्या येळवशीला आमच्या सहा वर्षांच्या पुतणीने घाटे सोडून मूळच हातात धरलं. "काका, ह्याला गोळ्या आल्यात." ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. तिने एक गाठ नखाने फोडली, तर आत गुलाबी. "रक्त हाय का?"

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. पण गाठीची खरी गोष्ट रंगाच्या आधी घडून गेलेली असते. हरभऱ्याचं मूळ मातीत काही रसायनं सोडतं. जवळचा जिवाणू ती ओळखतो आणि उत्तरादाखल स्वतःचं रसायन सोडतो. ते पटलं तर मुळावरचा बारीक केस वाकतो आणि त्याला आत घेतो. गाठीत हवेतला नत्र बांधला जातो हे जर्मनीत १८८८ च्या सुमारास सिद्ध झालं. ही आधीची बोलाचाली कळायला मात्र १९८० चं दशक उजाडावं लागलं. आपण बीजप्रक्रियेला जिवाणू संवर्धकाचं पाकीट आणतो, त्यावर पिकाचं नाव छापलेलं असतं. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही, कारण दोघांची बोली वेगळी.

'झाडं एकमेकांशी बोलतात' ही गोष्ट अलीकडे चित्रांच्या पुस्तकांतून आणि मोबाइलवरून अंगणवाडीतल्या पोरांपर्यंत पोचली आहे. त्यात बहुधा थंड मुलखातलं जंगल असतं, जमिनीखाली बुरशीचं जाळं असतं आणि पिलांना भरवणारं एक मोठं आईझाड असतं. गोष्ट गोड आहे. मात्र तिच्यामागचा इतिहास इतका सरळ नाही, आणि आपल्या रानातली गोष्ट तर मुळीच गोड नाही.

सुरुवात आपल्या ओळखीच्या झाडापासूनच होते. "दिवेलागणीला पानं तोडू नको, झाड झोपलंय," हे कोणत्या आजीने सांगितलं नाही? चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात. अलेक्झांडरच्या मोहिमेतल्या अँड्रोस्थेनिस नावाच्या माणसाने इराणच्या आखातातल्या एका बेटावर, आजच्या बहारीनमध्ये, हेच पाहून नोंदवलं होतं. शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला सांगतो की झाडं पाहतात, ऐकतात, वासही घेतात. १७२९ मध्ये फ्रान्सच्या द मेराँने लाजाळूसारखं रोप अंधारात कोंडून पाहिलं. ऊन नसतानाही पानं ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली.

मोजमाप सुरू झालं एकोणिसाव्या शतकात. १८७३ मध्ये लंडनच्या बर्डन-सँडरसनने कीटक पकडणाऱ्या झाडाच्या पानात विजेचा संदेश मोजला. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबाच्या टोकाला टोपी घातली, तर कोंब उजेडाकडे वळेना. प्रकाश कळतो टोकाला आणि वाक येतो खाली, म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जातो. हे त्यांनी १८८० मध्ये छापलं. मग आले जगदीशचंद्र बोस. लाजाळू आणि आपोआप पानं हलवणारी वनचंडाल यांच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले, वाढ मोजणारा क्रेस्कोग्राफ बनवला, १९१७ मध्ये कोलकात्यात संस्था काढली. त्यांनी मुलांसाठीही बंगालीत 'गाछेर कथा' लिहिली, जी पुढे १९२१ च्या 'अव्यक्त' या संग्रहात आली. म्हणजे लहानांना झाडाचं मन उलगडून सांगण्याचा उद्योग आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे.

घोटाळा झाला तो पुढे. १९६६ मध्ये अमेरिकेत बॅक्स्टर नावाच्या, खोटं पकडण्याच्या यंत्राच्या जाणकाराने ते यंत्र कचेरीतल्या कुंडीच्या पानाला जोडलं आणि झाडाला माझे विचार कळतात असा दावा केला. १९७३ मध्ये अशा दाव्यांचं एक पुस्तक प्रचंड खपलं. १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला, हाती काही लागलं नाही. पण खूळ जात नाही. आमच्याकडच्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दोन तुळशी ठेवल्या होत्या, एक शाबासकी दिलेली, एक शिव्या घातलेली. शिव्यांची तुळस सुकली होती खरी. ती ठेवली होती कोपऱ्यात, जिथे ऊनच पोचत नव्हतं.

या सगळ्यामुळे 'झाडं बोलतात' म्हणणं शास्त्रज्ञांनाही अवघड होऊन बसलं. १९८३ मध्ये ऱ्होड्सने विलोच्या झाडांवर आणि बाल्डविन-शुल्ट्झ जोडीने पॉपलर आणि मेपलवर दाखवलं की एका झाडाची पानं खाल्ली किंवा फाडली गेली की शेजारचं झाड आपल्या पानांत बचावाची रसायनं वाढवतं. त्यावर आक्षेप घेतले गेले. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी सेजब्रश नावाच्या झुडपाची फांदी टोमॅटोसोबत एका बंद भांड्यात ठेवली आणि टोमॅटो सावध झाला. निरोप वासाचा होता, त्या वासाचं नाव मिथाइल जॅस्मोनेट. त्याच वर्षी मक्याचं कोडं सुटलं. अळीने कुरतडलेला मका असा वास सोडतो की अळीचा काळ असलेली गांधीलमाशी त्याच्या मागावर येते. कापसात लावलेला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा, ज्या पोराने पाहिलाय, त्याला वासाचा निरोप वेगळा समजावावा लागत नाही.

आईझाडाची गोष्ट सगळ्यात नंतरची. १९९७ मध्ये कॅनडातल्या सुझान सिमार्ड यांनी बर्च आणि डग्लस फर या झाडांत कर्बाची देवाणघेवाण दाखवली. तिथून ती गोष्ट फुगत गेली. २०२३ मध्ये तीन संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की जंगलात प्रत्यक्ष मिळालेला पुरावा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच तोकडा आहे. त्याच वर्षी तेल अवीवच्या गटाने तहानलेल्या टोमॅटोचे टकटक आवाज नोंदवले, तासाला तीसेक ते पन्नास, आपल्या कानांपलीकडचे. आवाज होतो हे खरं. त्याला बोलणं म्हणायचं का, हा वेगळा मुद्दा.

आता आपली ज्वारी. खरिपाच्या ज्वारीत पाऊस असूनही काही ताटं कोमेजल्यासारखी दिसतात आणि त्यांच्या बुडाशी पांढऱ्या फुलांचं हिरवं झुडूप उभं असतं. तो टारफुला, ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस चोरणारं तण. धुळीएवढं बी, एका झाडाला हजारोंनी, मातीत वर्षानुवर्षं पडून राहणारं. यजमानाचं मूळ जवळ आल्याशिवाय ते उगवतच नाही. मग त्याला कळतं कसं? १९६६ मध्ये अमेरिकेत कापसाच्या मुळांतून त्याला जागं करणारं रसायन वेगळं काढलं गेलं, स्ट्रायगॉल. पण कोडं उलट वाढलं. कापूस टारफुल्याला पोसतच नाही, आणि कुठलं झाड स्वतःच्या चोराला आवतण देईल? २००५ मध्ये जपानमधून उत्तर आलं. ही हाक चोरासाठी नव्हतीच. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की मूळ मायकोरायझा बुरशीला, म्हणजे मुळाशी जोडी करून त्याला स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीला, बोलावतं, ती ही हाक. टारफुला ती फक्त चोरून ऐकतो. कापसाच्या रानात तो उगवतो, पण चिकटायला काही न मिळाल्याने मरतो. म्हणून टारफुल्याच्या रानात ज्वारीवर कापसाचा फेर घेतात.

मला विचाराल तर लहान मुलांना हीच गोष्ट आधी सांगावी. 'झाडं बोलतात' म्हणायला हरकत नाही, पण लगेच सांगावं की तोंडाने नाही, वासाने आणि मुळाच्या रसाने. आणि ऐकणारा दरवेळी मित्र नसतो. पोरांना चोराची गोष्ट आईझाडापेक्षा जास्त आवडते, हा माझा अनुभव.

दाखवायची असेल तर खरिपाची ज्वारी रानात उभी असताना टारफुला असलेलं एक ताट मातीच्या ढेकळासकट खणून काढावं. ओढू नका, जोड तुटतो. ढेकूळ बादलीत तासभर भिजत ठेवा, मग पोरांनाच बोटांनी माती सोडवू द्या. टारफुल्याचं मूळ धरून सरकत गेलं की ते ज्वारीच्या मुळाला कुठे चिकटलंय ते त्यांना स्वतःलाच सापडतं.